दुसऱ्या दिवशी मेलेले ससे

"आधी हात लाव, मग लिही," म्हणत डॉक्टरमावशी प्रत्येक जनावराच्या बरगड्यांवर तळवा ठेवायच्या. न्यूरीच्या आमच्या क्लिनिकमध्ये त्या व्हेट, मी रिसेप्शनवर. कुणाचं मांजर गेलं की टिश्यूचा बॉक्स माझ्याकडे सरकवायच्या. "तू जा. मला रडणारी माणसं जमत नाहीत." मला तरी कुठे जमायची!

सशामागे कुत्रे सोडायचा खेळ आमच्या उत्तर आयर्लंडमध्ये गुन्हा आहे. सीमेपलीकडे, आयर्लंड प्रजासत्ताकात, अर्ध्या तासावर, तोच परवान्याने चालतो. जाळ्यात धरलेले रानससे, मुसकी बांधलेले दोन कुत्रे आणि टाळ्या. हिवाळ्यात सरकारी पाहणीसाठी मावशी तिकडे जायच्या.

"तुम्ही कशाला जाता?"

"मी नाही गेले तर माना डोलावणारा जाईल."

त्या रिपोर्ट सांगायच्या, मी टाईप करायचे. एकदा स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा सशांच्या कुंपणापाशी गेल्या. तीन मेले होते. कुत्र्यांना चावता येत नाही, पण ते सशाला जमिनीवर दाबतात; आतून दुखावलेला ससा नंतर मरतो.

फॉर्मवर 'स्पर्धेच्या दिवशी मेलेले' एवढाच रकाना. "तिथे शून्य. खाली लिही, दुसऱ्या दिवशी तीन."

"खाली रकाना नाहीये, मावशी."

"कागद आहे ना?"

दोन दिवसांनी परवाना ऑफिसातून फोन आला. मावशी ऑपरेशनमध्ये होत्या. साहेबांचा आवाज अगदी गोड. "डिअर, ती खालची ओळ काढून पुन्हा पाठवशील? उगाच पुढचा परवाना अडकेल."

मी "ओके" म्हणाले. ओळ काढली. सही आधीचीच राहिली.

परवाना मिळाला. मावशींनी ऑफिसला जाब विचारला, तेव्हा त्यांना त्यांचाच रिपोर्ट दाखवण्यात आला. तो प्रिंट त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला.

"तीन कुठे गेले?"

"त्यांनी सांगितलं म्हणून..."

"ते सांगणारच. तू माझ्या सहीवर खोटं पाठवलंस."

 मी सॉरीसुद्धा म्हणाले नाही.

त्यांनी मूळ रिपोर्ट पुन्हा पाठवला. ऑफिसने परवाना तसाच ठेवला आणि पाहणीला मावशींना बोलावणं बंद केलं. वसंतात त्या मुलाकडे एडिनबराला गेल्या. मरायचा दिवस ठरवून देणाऱ्या त्या रकान्याची मला अजून चीड येते, आणि माझ्या त्या 'ओके'ची त्याहून जास्त.

आता पाहणीला आमचाच नवा व्हेट जातो. दुपारीच परततो, दुसऱ्या दिवशी पुन्हा जात नाही. "ऑल गुड," म्हणतो. फॉर्म त्याने तिथूनच फोनवर भरून पाठवलेला असतो. माझ्याकडे टाईप करायला काहीच येत नाही.