दुसऱ्या भागातली पाचर

माणसांच्या जिवावर उठलेल्या यंत्रांचे सिनेमे मी आवडीने बघते. साताऱ्यात एका कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळे मला त्यातलं विज्ञान आवडत असेल असं माझ्या वर्गातल्या मुलामुलींना वाटतं. विज्ञानबिज्ञान काही नाही. शेवटी ती यंत्रं फुटतात, वितळतात, त्यांचे तुकडे तुकडे होतात, तेवढं मला बघायचं असतं. मी दहावीत असताना माझ्या वडिलांची, आप्पांची, उजव्या हाताची चार बोटं कुपवाडच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसखाली गेली. त्याला सतरा वर्षं झाली. बाकी सगळं विसरणारी मी, राग मात्र जपून ठेवते.

त्या प्रेसला दोन बाजूंना दोन बटणं होती. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली यायची, म्हणजे तेव्हा दोन्ही हात बटणांवर असणार आणि एकही खाली सापडणार नाही. पण अशाने पीस कमी निघतात. मग लोक काय करायचे, तर खोक्याच्या फळीची लहानशी पाचर करून एका बटणात ठोकायचे. ते बटण दाबलेलंच राहायचं. डाव्या हाताने दुसरं बटण, उजव्या हाताने पत्रा सरकवायचा, काम दुप्पट. हे सगळेच करायचे आणि मुकादम येताना दिसला की पाचर खिशात घालायचे. ज्याच्या मशीनवर पाचर सापडेल त्याला गेटबाहेर काढीन, असा मालकाने दम भरला होता.

आमच्या घरात त्या दिवसाची गोष्ट अशी सांगितली जायची. आप्पांच्या आधीच्या पाळीला त्याच प्रेसवर त्यांचा जिवलग मित्र असायचा. जत तालुक्यातला, मेंढपाळाच्या घरातला. मी त्याला काका म्हणायची. पाळी बदलताना तो पाचर काढायला विसरला. आप्पांना ठाऊक नाही. त्यांनी पत्रा बसवायला उजवा हात आत घातला, डावा बटणाला टेकला आणि प्रेस खाली आली. काकांनी मालकासमोर स्वतः कबूल केलं आणि त्याच दिवशी ते गेटबाहेर झाले. आप्पांना मालकाने नंतर स्टोअरमध्ये घेतलं. तिथे ते अजूनही डाव्या हाताने लिहितात.

तिसऱ्या दिवशी काका मिरजेच्या दवाखान्यात आले. हातात फडक्यात बांधलेला डबा. आई औषधं आणायला खाली गेली होती, आप्पांचा डोळा लागला होता. मी वॉर्डच्या दारात आडवी उभी राहिले. "इथून आत पाऊल टाकू नका," मी म्हणाले, "आप्पांना तुमचं तोंड बघायचं नाही." आप्पा असं काही बोलले नव्हते. ते वाक्य माझं होतं, पण त्यांच्या नावावर खपवलं की जास्त लागेल हे मला पंधराव्या वर्षीही बरोबर कळत होतं. काकांनी डबा जमिनीवर ठेवला आणि ते गेले. पुन्हा कधी आले नाहीत. खरं सांगायचं तर या गोष्टीचा मला सोळा वर्षं अभिमान वाटत होता.

आप्पांचं एक वागणं मात्र मला कधी झेपलं नाही. दर खंडेनवमीला कारखान्यात मशिनींची पूजा असते. त्या दिवशी आप्पा आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून त्याच प्रेसपुढे उभे राहायचे. डाव्या हाताने हळदीकुंकू, डाव्या हाताने फूल, नारळ मात्र दुसऱ्या कोणाकडून फोडून घ्यायचा. "जिनं बोटं खाल्ली तिची कसली पूजा करता?" असं मी दरवर्षी भांडायची. "मशीनचा काय दोष हाय त्यात?" एवढंच ते म्हणायचे. मला तो त्यांचा गरीबपणा वाटायचा. माणसाने इतकं मऊ असू नये, असं मी आईला ऐकवायची.

गेल्या वर्षी खंडेनवमीच्या आधीच्या रविवारी मी सांगलीत घरी आले होते. माझ्या एका आवडत्या सिनेमाचा दुसरा भाग लागला होता. पहिल्या भागात भविष्यातली यंत्रं माणसांवर उलटतात आणि माणसं कशीबशी तळघरांत जीव वाचवतात. आईने कानांवर हात ठेवले. आप्पा, का कोण जाणे, येतो म्हणाले. दुपारचा खेळ, हिंदीत डब केलेला. उजवा हात पँटच्या खिशात घालून ते माझ्या शेजारी बसले. चारचौघांत तो हात ते खिशातून काढत नाहीत.

मध्यंतरापर्यंत नुसती मारामारी झाली आणि मी खूश होते. मग नायिका काळात मागे जाते. पहिलं यंत्र उलटलं तो दिवस तिला गाठायचा असतो. कोणी दुष्ट शास्त्रज्ञ असेल, त्याला मारून मोकळं व्हायचं, असा तिचा बेत. प्रत्यक्षात ती एका लहानशा वर्कशॉपमध्ये पोचते. तिथे दमलेला, घाम पुसणारा एक साधा कामगार असतो. यंत्र सारखं थांबतंय, काम मागे पडतंय, म्हणून तो यंत्राला आवर घालणारा बोल्ट काढतो आणि खिशात टाकतो. झालं एवढंच. यंत्रं आपणहून उलटलीच नव्हती. थिएटरात कोणी शिट्टीसुद्धा मारली नाही. आप्पा उठले आणि अंधारात लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर गेले.

छातीत दुखतंय की काय, या भीतीने मी मागे धावले. ते पार्किंगमध्ये आमच्या स्कूटरला टेकून उभे होते.

"दुखतंय का कुठं? दवाखान्यात जाऊ या का?"

"न्हाई ग." मग म्हणाले, "पाचर माझी हुती."

मला कळेना.

"त्यानं पाळी सोडली तवा बटण मोकळं हुतं. पाचर मी ठोकली. माझ्याच हातानं. मी पडलो तवा त्यो गेटापतूर पोचला हुता, वरडा ऐकून माघारी आला. मालक यायच्या आत पाचर काढून खिशात घातली आन माझ्या कानात म्हणाला, तू गप ऱ्हा, आता तुला दुसरीकडं कोण कामाला ठेवल. मग भायेर जाऊन त्यानं मालकाच्या हातात पाचर दिली. माझी हाय म्हणाला."

मी स्कूटरच्या सीटवर बसले. आईला माहीत होतं का, विचारलं. नव्हतं. सोळा वर्षं त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. आधी नोकरी जाईल म्हणून, मग तोंड उघडायला लाज वाटली म्हणून. मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्यांच्या अंगावर ओरडायला तोंड उघडलं तेव्हा वॉर्डचं दार आठवलं.

"मी त्यांना दवाखान्यातून हाकललं, आप्पा. तुम्ही झोपला होता."

"मी जागा हुतो," आप्पा म्हणाले.

सिनेमातल्या कुठल्याही यंत्राला मी एवढी घाबरले नव्हते, जेवढी त्या क्षणी माझ्या वडिलांना घाबरले. डोळे मिटून, बँडेज बांधलेला हात छातीवर ठेवून, माझं एकेक वाक्य ऐकत ते पडून राहिले होते.

"त्या बाईसारखं मागं जाता आलं, तर मी बोटांपायी जाणार न्हाई," ते म्हणाले. "त्या दारापतूर जाईन आन त्याला आत घीन."

सिनेमाचा शेवट काय झाला, मला आजही माहीत नाही. काळात मागे कोणालाच जाता येत नसलं, तरी सांगलीहून जतला एसटी जाते, एवढं मी त्यांना संध्याकाळी सुनावलं. त्या खंडेनवमीला आप्पा कारखान्यात गेले नाहीत. आम्ही सकाळच्या गाडीने निघालो. वाटेत तीनदा त्यांनी मला विचारलं की तो ओळखेल का. मला भीती ओळखण्याचीच होती.

काकांचं घर गावाबाहेर, ज्वारीच्या रानाला लागून. अंगणात पाण्याची टाकी, काट्यांच्या कुंपणात मेंढरं. दाराशी कडबाकुट्टी मशीन उभी होती, तिला झेंडूची माळ घातली होती आणि कुंकू लावलं होतं. तिच्या पात्यांवर पत्र्याची जाड जाळी ठोकून बसवलेली. काका बाहेर आले. केस पांढरे झाले होते. त्यांनी आप्पांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि आत वळून कोणाला तरी चहा टाकायला सांगितलं.

आप्पा ओट्यावर बसले. मी अंगणातच उभी राहिले. सगळा रस्ताभर जुळवलेली वाक्यं एकदम नाहीशी झाली. "काका, दवाखान्यात तुम्हाला म्हणाले ते मी मनाचं म्हणाले," मी कसंबसं सांगितलं. "आप्पांनी तसं सांगितलं नव्हतं. मी खोटं बोलले."

काका सावकाश ओट्यावर टेकले. एवढा वेळ शांत असलेला त्यांचा चेहरा आता पार बदलला.

"मला वाटलं, ह्यानंच सांगितलंय," ते म्हणाले. "सोळा वरसं म्या तेच धरून बसलो. मनात म्हणलं, गड्याची नोकरी तर ऱ्हायली, आता माझं तोंड बघायला त्याला नगं वाटतंय. जाऊ द्या."

मी चटकन आप्पांकडे बघितलं. त्यांना सुटायला वाट होती. मी सगळं माझ्या अंगावर घेतलं होतं आणि ते झोपले होते असंच आम्ही दोघं सोडून सगळ्या जगाला ठाऊक होतं.

"सांगितलं न्हवतं," आप्पा म्हणाले. "पर मी जागा हुतो. आडवलं बी न्हाई."

आतून चहाच्या भांड्यांचा आवाज येत होता. काका उठून आत निघून जातील असं मला वाटलं, आणि गेले असते तर मी त्यांना दोष दिला नसता. ते उठले नाहीत. बराच वेळ आप्पांच्या खिशाकडे बघत राहिले.

"त्या दिशी मी हातच बघाय आलतो," ते म्हणाले. "ऱ्हायलाय किती, ते मला कुणी सांगितलंच न्हाई. दाव की."

आप्पांनी उजवा हात खिशातून काढला आणि त्यांच्यापुढे धरला.