निळ्या बिल्ल्यांची पंगत

चंद्रभागामावशी आठवली की मला सिन्नरच्या पूर्वेचा माळ दिसतो. धुकं अजून जमिनीवरच रेंगाळतंय, त्यातून आधी नुसतं बें-बें ऐकू येतंय, मग अलगद कोकरं उमटतायत आणि शेवटी घोंगडी पांघरलेली मावशी. साठी ओलांडलेली, काटकुळी, तोंडाने फटकळ. "आली का काटेवाली!" हे तिचं स्वागत.

मी शिक्षणासाठी दख्खनी कोकरांची वाढ मोजत होते. तिच्या वीस नरांपैकी दहांच्या कानाला लाल बिल्ला, दहांच्या निळा. दिवसा सगळी एकत्र चरायची. संध्याकाळी लालांना मक्याचा भरडा आणि पेंड, निळ्यांना काही नाही. सहा महिन्यांनी दोन्हींकडच्या काहींचं मांस तपासायचं होतं, चरबी किती आणि मऊपणा किती ते. मावशीला त्याचं काही वाटत नसे. "खायलाच वाढवतो ना? मग लपवायचं काय?"

वजनाची रीत सोपी होती. मावशी आधी एकटी माझ्या वजनकाट्यावर उभी राहायची, मग कोकरू छातीशी धरून. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा. कोकरं तिच्या कुशीत पेंगायची, तिचेही डोळे मिटायचे, आणि आकडा वाचून तिला खाली उतरवायचं माझ्या जिवावर यायचं.

तिला एकच गोष्ट जिव्हारी लागली होती. आसपासचे मेंढपाळ बाहेरचे नर आणत होते, गावठी मेंढी वाढतच नाही म्हणत. "तू कागदावर दाव, स्नेहल. आपली बी वाढत्यात."

आणि वाढली की! तीन महिन्यांनी लाल-निळी सारखीच भरली. नुसत्या चराईवर! मी तरंगतच तिच्याकडे गेले. "मावशी, आता असंच लिहिते. दाणा घालायची गरजच नाही."

तिनं कुशीतलं कोकरू खाली सोडलं.

"नको लिहू. निळ्यांना मी घरची बाजरी भरडून घालत व्हते."

"अहो, पण का?"

"एका पंगतीत निम्म्यांना वाढायचं, निम्म्यांनी तोंडाकडं बघायचं? आमच्यात नाय चालत. पर तुझं वाचून कुणी कोकरं उपाशी ठिवली, तर ते पाप माझ्या माथी."

माझं वर्ष पाण्यात गेलं. मला संताप आला, रडूही आलं. पुढच्या वर्षी पुन्हा करू, असं तिनंच सुचवलं. संध्याकाळी निळ्यांचा वाडा टेकाडाआड न्यायचा, म्हणजे लालांचं खाणं त्यांना दिसणार नाही. निळ्यांना दाणा देणार नाही, असा शब्दही तिनं दिला.

शब्द पाळला तिनं. या खेपेला लालांनी आपल्या मेंढीचं नाव राखलं, निळी हलकी राहिली. शेवटच्या वजनाला पंधरा दिवस उरले असताना मी वजाबाक्या तपासत बसले, तेव्हा माझं लक्ष पहिल्या आकड्यांकडे गेलं. मावशी बेचाळीस किलो, मग एक्केचाळीस, आता अडतीस.

मी घाबरून तिच्या सुनेला, दीपमालाला विचारलं.

"रातची भाकर सोडलीय त्यांनी. तीन महिने झाले. लालांना दाणा घातला की निळ्यांत जाऊन बसत्यात."

त्या संध्याकाळी भाकरी-पिठल्याचा डबा घेऊन मी टेकाडाआड गेले. सगळीकडे पिवळसर उजेड होता. निळी कोकरं तिच्या घोंगडीवर गोळा झाली होती. मी डब्याचं झाकण काढलं.

"झाक ते," ती हळूच म्हणाली. "ह्यांना वास येईल."