प्याद्याचा घोडा

काल फोनवर बुद्धिबळाचा तो जुना डाव मांडला. शेवटची सोंगटी ठेवून बोट उचलतेय, तोवर उत्तर हजर: प्याद्याचा घोडा करा. आणि साक्रीचं आमचं घर, तापलेल्या कॉम्प्युटरचा वास, सगळं एकदम आठवलं.

धुळ्याहून मी माझा कॉम्प्युटर घेऊन सुट्टीला आले होते. भावाच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम, माझ्या कॉम्प्युटरवर दुसरा. कोणाचा हुशार, यावरून सकाळपासून आमची जुंपली होती. शेवटी पुस्तकातला एक अवघड डाव दोन्हीकडे मांडला: पांढऱ्याने खेळून जिंकायचं. पंखे घरघरू लागले. दोन्ही प्रोग्राम प्याद्याचा वजीरच करू पाहत होते, आणि डाव बरोबरीत सुटत होता.

शेतातून आलेले आमचे आबा शेंगा फोडत मागे उभे राहिले.

"प्यादा घोडाना घरमा पोचना, मंग तो घोडाच व्हई ना?"

आम्ही हसलो. आबांच्या गावठी खेळात प्यादं ज्या सोंगटीच्या घरात पोचेल, तीच सोंगटी होतं.

"आबा, तुमचा नियम इथे चालत नाही," भाऊ म्हणाला.

तेवढ्यात त्याच्या पडद्यावर घोडा आला. बऱ्याच वेळाने माझ्याही. घोड्याचा शह बसला, आणि तिथून काळ्या राजाला सुटकाच नव्हती.

"इतला येळ लागस का तुमना मशिनले?" आबांनी टरफलं झटकली. आबांपुढे हरलेले आम्ही दोघं आनंदाने ओरडत होतो.

तेव्हा मला तो योगायोग वाटला होता. आज वाटतं, सगळ्यात कमी वेळात डाव सोडवण्याचा विक्रमच होता तो. फोन झटकन बोलला खरा, पण त्याला विचार करावा लागला. आबांना तोही लागला नव्हता.