चार बोटं बाहेर

आज वखारीजवळ ओल्या बाभळीच्या भुशाचा वास आला आणि मी थेट अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या त्या दुपारी पोचले. टॉवेलच्या कारखान्याचं छत कोसळलं होतं आणि तुळईखाली मागावरच्या नरसय्यामामांचा पाय अडकला होता. गेटवर युनियनची पत्रकं वाटणारी मी धावत आत शिरले. "सगळे मिळून उचला!" मी ओरडले.

"हात लावू नगं!" हणमंत सुतार गरजले. "मधीच सुटली तर मामा संपला की!"

तुळईला आधार द्यायला मामांच्या दोन्ही बाजूंना आम्ही ओल्या बाभळीचे ठोकळे रचू लागलो. दोन समांतर, त्यांवर दोन आडवे. मी टोकं अगदी जुळवून ठेवली.

"पोरी, रांगोळी काढतीस व्हय? टोकं चार बोटं भाईर सोड, न्हायतर निसटतंय."

वर तुळईपर्यंत थोडी फट राहिली. मी पत्रकांचा गठ्ठा पुढे केला.

"कागद दबतंय. पाचर दे."

ट्रकमधून आणलेल्या जॅकने तुळई इंचभर उचलायची, लगेच इंचभर लाकूड भरायचं. तास गेला आणि मामा ओरडले, "निघाला, पाय निघाला!" आम्ही अक्षरशः नाचलो!

तेव्हा वाटलं, आमच्या जोशानेच मामा सुटले. आज आठवतात ते ठोकळे. त्या संध्याकाळच्या पत्रकात मात्र पहिल्यांदाच एकही घोषणा नव्हती. छताच्या भेगेबद्दल कामगारांनी आधीच केलेल्या तक्रारी मी त्यात एकावर एक रचल्या होत्या.