कुंड्यांची गावं

"गाव कोणतं?"

ठाण्याच्या आमच्या कॉलेजच्या औषधी बागेत कुणीही पाऊल टाकलं, की माळीमामा हातातली झारी खाली न ठेवता हे विचारायचे. मी वनस्पतिशास्त्र शिकवायला नवीनच रुजू झाले होते. ऐटीत सांगितलं, "डोंबिवली."

"ते राहण्याचं, मॅडम. गाव विचारतोय."

आता तुम्हीच सांगा, आजोबांपासून डोंबिवलीत असलेल्या माणसाने दुसरं गाव आणायचं कुठून? मामांनी माझ्याकडे अशा कणवेने पाहिलं, जणू मी फुटपाथवरच राहते.

झाडांनाही तोच प्रश्न. सर्पगंधेच्या प्रत्येक कुंडीत श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणातून कापलेली एक पट्टी खोचलेली असे: शहापूर, जव्हार, मुरबाड. रक्तदाबाच्या औषधासाठी मुळं खणून नेतात, त्यामुळे रानातली सर्पगंधा संपत चाललेली. मामा प्रत्येक डोंगराचं बी वेगळं जपायचे. मी त्यांना हसायचे, आणि वर्गात जाऊन जनुकीय विविधतेवर तासभर बोलायचे.

मग कॉलेजात तपासणी समिती येणार असं कळलं आणि माझ्या अंगात व्यवस्थितपणा संचारला. शहापूरचं झाड धष्टपुष्ट होतं. त्या एकाच झाडाच्या फांद्या लावून मी चाळीस कुंड्या तयार केल्या. सगळ्या एका उंचीच्या, कवायतीला उभ्या केल्यासारख्या. बाकीच्या गावांच्या कुंड्या मागे भिंतीशी सरकवल्या आणि मुरबाडची तीन किडकिडीत रोपं टाकून द्यायला सांगितली.

"त्या डोंगरावर आता एकही उरलं नाही, मॅडम. हीच तीन."

"मामा, समिती काय म्हणेल?"

मामा रोपं उचलून निघून गेले.

समिती खूश झाली. श्रावणात मूळकूज आली. चाळीसही रोपं एकाच झाडाची. जे एकाला सोसलं नाही ते कुणालाच सोसलं नाही. पंधरा दिवसांत सगळ्यांनी माना टाकल्या. त्याचं दुःख होतंच, पण मग मुरबाडची आठवण आली. एका अख्ख्या डोंगराचं उरलंसुरलं मी कचऱ्यात टाकायला लावलं होतं. स्टोअररूममध्ये जाऊन मी रडले.

मामांनी ते पाहिलं असावं. दुसऱ्या दिवशी ते विठ्ठलवाडीच्या घरून एसटीने ठाण्यात खोपटच्या स्टँडवर उतरले ते मोठी पिशवी घेऊनच. पिशवीत तीन कुंड्या होत्या. रोपं तशीच किडकिडीत, पण त्यांना काळी फळं धरलेली.

"गच्चीत ठेवलेली. कंडक्टर विचारतो, तिघांचं तिकीट काढू का? म्हटलं, लहान आहेत, अर्धं लागेल."

मला रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी चार फळं माझ्या तळहातावर ठेवली. "घरी पेरा. आता गाव विचारलं तर सांगायला झालं."

चारांतलं एकच उगवलं. ते डोंबिवलीत माझ्या खिडकीत आहे, मामांच्या अक्षरातल्या पट्टीसकट.

मामा गेल्या वर्षी वारले. त्यांच्या जागी परवा नवा माळी आला. बागेच्या दारातच मी त्याला विचारलं, "गाव कोणतं?"

"जव्हार. तुमचं, मॅडम?"

"मुरबाड," मी म्हणाले आणि मामांची झारी त्याच्या हातात दिली.