उतारावरचं न्यूटरल

कृष्णात ड्रायव्हरचा तोंडाचा पट्टा सुरू झाला की समोरच्यानं गप ऐकावं, हे सगळ्या गॅरेजला ठाऊक. तीस वर्षं स्टेअरिंग धरलेला माणूस! उतार आला की गाडी न्यूटरलला टाकून तेल वाचवायचं, ही त्याची खासियत. ज्यांची गाडी तो चालवायचा ते मालक बापूसो पावण्यारावळ्यांत त्याचं कौतुक करायचे.

त्यांनीच यंदा मोठी हायब्रिड गाडी घेतली. पेट्रोलचं इंजिन, जोडीला बॅटरीवरची मोटर. आंबा घाट चढताना कृष्णात ट्रक ओलांडायला गेला नि गाडी पिकअपच घेईना. समोर एसटी! मागं बसलेल्या बापूसोंना दरदरून घाम फुटला. वाचले, एवढंच.

तसाच कृष्णात गॅरेजात घुसला. गाडीची सर्व्हिसिंग क्रांतीनं केलेली, तिथली एकटी बाई मेकॅनिक. "पोळपाट-लाटणं सोडून पाना धरला की असंच व्हणार की!" अख्खं गॅरेज ऐकत होतं. दोष सापडेपर्यंत कामाला हात लावायचा नाही, असं फोरमननं तिला बजावलं.

"मामा, एकदा मला त्याच घाटात न्या," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं घाट उतरायला लागले. कृष्णातचा हात सवयीनं न्यूटरलवर गेला. क्रांती स्टेअरिंगजवळच्या पडद्यावरच्या बॅटरीच्या पट्ट्या बघत होती.

"हे रोजचं हाय व्हय, मामा?"

"मग! तेल वाचतंय की."

"जुन्या गाडीत वाचत असंल. ही उतारावरच बॅटरी भरून घेती. न्यूटरलला टाकली की भरणं बंद. मग चढाला मोटर जोर कुठनं लावंल? जोडीतला एक बैल उपाशी ठेवलाय तुम्ही."

त्यानं गिअर टाकला. पायथ्याला पोचेस्तोवर पट्ट्या वर चढल्या, आणि परतीच्या चढाला गाडी अशी उसळली की कृष्णातची मान खाली गेली. कसली तीस वर्षं नि कसली खासियत! मालकाचा जीव आपणच घालवत होतो, आणि शिव्या खाल्ल्या या पोरीनं. मलकापूर मागं पडलं.

"वायर ढिली हुती म्हणून सांगते," क्रांती हळूच म्हणाली. "तुमचं नाव कशाला घालवायचं?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गॅरेजात बापूसो आणि फोरमन वाटच बघत होते. कृष्णात उतरला. तो कालच्याच आवाजात ओरडला, "मालक, चूक माझी हाय! गाडी न्यूटरलला मी टाकत हुतो. पोरीचा काडीचा दोष न्हाय!"

"मामा, हळू की. लोकं ऐकत्यात."

"ऐकू देत. काल तुला बोललो तवाबी ऐकतच हुती."