लाल गाडी, माझा ट्रक आणि पोखर्णीचा बँड

"अक्का, तुमचा ट्रक घेऊन या. पण कुणाला सांगू नका."

फोन दिगंबरशेठचा होता. हा आमच्या परभणीतला आडत्या, म्हणजे शेतकऱ्याचा माल बाजारात विकून देणारा. मी विचारलं, "काय झालं?"

"काय न्हाई झालं. गाडी जरा टेकलीय."

"कशाला?"

"रस्त्याला."

त्याने जागा सांगितली, मी ड्रायव्हर रहीमला हाक मारली आणि आम्ही पोखर्णीच्या रस्त्याला लागलो.

माझा धंदा गाड्या उचलून नेण्याचा. नवऱ्याने सुरू केला, तो गेल्यावर मी चालवते. माझ्याकडे फ्लॅटबेड आहे, म्हणजे सपाट पाठीचा ट्रक. पाठ मागे झुकवून रस्त्याला टेकवायची, गाडी तारेने ओढून वर घ्यायची, चाकं बांधायची आणि निघायचं. गाडीला स्वतः काही करावं लागत नाही.

दिगंबरला हे आधीच सांगितलं होतं. त्याने पुण्यात वापरलेली स्पोर्ट्स कार घेतली. लालभडक, दोनच माणसांची, आवाज ट्रॅक्टरचा आणि उंची पाटाची. गाडीचं पोट आणि रस्ता यांच्यामधल्या जागेला ग्राउंड क्लिअरन्स म्हणतात. या गाडीखालून मांजर गेलं असतं तर त्याची पाठ सोलून निघाली असती. मी म्हटलं, ट्रकवर आणू.

दिगंबर हसला. "अक्का, तुमच्या ट्रकवर कोणाच्या गाड्या येत्यात, अख्ख्या परभणीला ठाऊक हाय."

ते खरं होतं. हप्ते थकले की फायनान्सवाले गाडी ओढून नेतात आणि ते काम बहुतेक वेळा मलाच येतं. माझा ट्रक एखाद्याच्या दारातून गाडी घेऊन निघाला, की संध्याकाळपासून त्याला किराणावालाही ओळख देत नाही.

"निवडणूक तोंडावर आलीय," तो म्हणाला. बाजार समितीला उभा होता. "मी नवी गाडी ट्रकवरून आणली, तर लोक म्हणतील शेठ बुडाला. मग मत कोण देणार? माल तरी कोण आणणार माझ्याकडं?"

"मग चालवत आण."

"आणतोच! पुण्याहून थेट पोखर्णी. नरसिंहाच्या दारात पूजा, मगच घर."

आता त्या पूजेच्या अलीकडेच गाडी पडली होती.

आम्ही पोचलो तर गर्दी जमलेली. गावकऱ्यांनी मुरूम आणि सिमेंट टाकून स्वतःच गतिरोधक घातला होता. त्यावर लाल गाडी पोट टेकून बसली होती. पुढची चाकं हवेत, मागची जेमतेम रस्त्याला. चारदोन पोरं तिचं नाक धरून ढकलायची, गाडी डुलायची. आत दिगंबर काचा लावून बसलेला. बाहेर त्याची बायको शोभा उभी. अंगावर जरीची साडी, हातात चपला.

"चपला का काढल्यास गं?"

"पाय सुजलेत अक्का! पुण्यापासून जिथं जिथं गतिरोधक आला, तिथं मला खाली उतरवलं. 'बघ, घासतंय का, बघ.' वाकून वाकून कंबर गेली. अर्ध्या वाटंला गाडीत कमी, गाडीच्या मागं जास्त होते मी. इथं म्हणलं, आता न्हाई उतरत. काय व्हायचं ते होऊ द्या."

"अन् झालं," रहीम म्हणाला. तो वाकून खाली पाहत होता. "अक्का, चेंबर फुटला. तेल सगळं गेलं."

चेंबर म्हणजे इंजिनाचं तेल साठवणारं खालचं भांडं. ते फुटल्यावर गाडी चालवली तर इंजिन जळतं. मी काचेवर टकटक केली. दिगंबरने काच बोटभर खाली केली.

"उतर. गाडी ट्रकवर घ्यायची."

"अक्का, वरून ताडपत्री टाका."

"झाकली तर लोक म्हणतील मढं चाललंय."

"मग मी उतरत न्हाई. बघा की, सगळे मोबाईल धरून उभे हाईत. मी उतरलो, गाडी ट्रकवर चढली, तसा फोटो निघाला की संपलं. विरोधी पॅनेलवाले गावोगाव फिरवतील."

"वर चढवलेल्या गाडीत माणूस बसवायचा नसतो. तसा नियम आहे."

त्याने काच वर केली. आतून कुलूप लावलं. शोभा म्हणाली, "ऱ्हाऊ द्या त्यास्नी तिथंच. लग्नापासून असंच हाय."

नियम मोडायची मला हौस नव्हती. पण मागे उसाचे ट्रॅक्टर थांबून हॉर्न मारायला लागले होते. रहीमने तार लावली आणि गाडी शेठसकट वर घेतली. चारी चाकं मी स्वतः पट्ट्याने बांधून बघितली. शोभा आमच्याबरोबर केबिनमध्ये बसली.

मी रहीमला म्हटलं, "परत फिरव. गॅरेज परभणीत."

"अजिबात न्हाई," शोभा म्हणाली. "गाडी आधी देवाच्या दारात आणीन, असं बोललेय मी. देव काय विचारणार न्हाई, कशावरून आणली म्हणून."

गिऱ्हाईक ते. रहीम सरळ निघाला, सावकाश. वर दिगंबरला कळलं, की ट्रक गॅरेजकडे न जाता पोखर्णीकडे चाललाय. त्याने हॉर्न दाबला तो सोडेचना. विलायती हॉर्न, शेतातली माणसं बांधावर येऊन उभी राहिली. फोनही केला. शोभाने नाव पाहून तो पर्समध्ये टाकला.

पोखर्णीच्या कमानीपाशी त्याने सांगून ठेवलेला बँड उन्हात बसून पेंगत होता. त्यांना हुकूम एकच होता : लाल गाडी दिसली की वाजवा. हॉर्न ऐकून ते उठले. लाल गाडी दिसली. ती रस्त्यावर आहे की ट्रकवर, याबद्दल त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

मला वाटलं, आता हा माणूस गावातून उठला. तर लोक पळत आले ते हसायला नाही. एक म्हातारा म्हणाला, "काय थाट हाय! रथच आणलाय!" दुसरा म्हणाला, "रस्त्याची धूळ लागू दिली न्हाई गाडीला." कार्यकर्त्यांनी फुलं उधळली. काही फुलं माझ्या काचेवर पडली.

मी आरशात पाहिलं. दिगंबर सीटवर जवळजवळ आडवा झाला होता. मग हळूहळू डोकं वर आलं. काच खाली झाली. एक हात बाहेर आला. देवळापाशी पोचेपर्यंत दोन्ही हात बाहेर होते.

खाली उतरल्यावर तो मला सगळ्यांच्या देखत म्हणाला, "अक्का, प्लॅनिंग कसं वाटलं?"

शोभाने त्याच्याकडे पाहिलं आणि चपला घातल्या.

दिगंबर निवडून आला. गाडीमुळे आला असं मी म्हणत नाही, समोरचा उमेदवारही काही मोठा दिवा नव्हता. गाडी गॅरेजात पडून आहे. चेंबर परदेशातून यायचाय.

माझ्या धंद्याचं मात्र विचित्र झालं. लोक नवी गाडी शोरूममधून स्वतः चालवत माझ्याकडे आणतात आणि म्हणतात, "अक्का, घरापत्तोर वरून न्या." परवा पेडगावचा एकजण साधी डिझेल गाडी घेऊन आला. मी म्हटलं, धडधाकट चालतीय की. तो म्हणाला, "चालती म्हणूनच. चालवत नेली तर कोण बघणार?"

आणि गेल्या पंधरवड्यात फायनान्सवाल्यांनी एक जीप उचलायला सांगितलं. अशा वेळी मालक शिव्या देतो, बायका रडतात, कधी पोलीस बोलवावे लागतात. हा मालक हार घेऊन तयार उभा होता. सोबत हलगीवाला.

"अक्का, मागच्या रस्त्यानं नका नेऊ," तो म्हणाला. "पेठेतून न्या."

नेली. हलगी पुढे, ट्रक मागे, मालक बाजूने हात जोडत चाललेला. वाटेत तिघांनी त्याचं अभिनंदन केलं आणि एकाने पेढे मागितले.

इतकी वर्षं मला वाटायचं, लोक ट्रकवर काय आहे ते बघतात. लोक पुढं वाजतंय का तेवढंच बघतात.